छत्तीस फोटो, दोघांचे

अगं, बॅगा भरायला घ्यायच्या आधी जरा माझ्याजवळ बस. व्हिसा झाला, तिकिटं झाली, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को असा मधुचंद्राचा रस्ता ठरला. आणि आता तुम्ही दोघं म्हणताय की मोबाइलवर फोटो काढायचेच नाहीत, सगळे रोलवर काढायचे. बाबांचा यशिका कॅमेरा तू घेणार, आणि जावई त्यांचा सेकंडहँड पेंटॅक्स. घरातले सगळे हसले. मला मात्र तुमचं हे ठरवणं मनापासून आवडलं. का आवडलं ते सांगते, आणि आईसमोर बोलता येणार नाहीत अशा चार गोष्टीही सांगते.

आपलं बाळकुम आता टॉवरांचं झालं, नाक्यावर मेट्रोचे खांब आले, तरी गावठाणातली सवय काही सुटलेली नाही. कुणाकडे कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांना ठाऊक. त्यात माया आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही विमानातून उतरताच माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, मैत्रिणींचा ग्रुप, सगळीकडून एकच हाक येणार, ‘फोटो टाका!’ मग फोटोवर बोलणी सुरू. बारीक दिसतेस, गळ्यात काहीच नाही का, जावई असे गंभीर का. तुम्ही असाल ब्रुकलिन ब्रिजवर आणि डोकं असेल इथे, कुणाच्या तरी बोलण्यात. नव्या नवरा-बायकोला एकमेकांची ओळख व्हायला थोडी निवांत जागा लागते गं. फिल्मवर काढलेला फोटो रोल धुवेपर्यंत तुम्हालाही दिसत नाही, मग पाठवणार काय? ‘पोचलो, खुशाल आहोत’ एवढं रोज आईला फोनवर सांग, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल. बाकीचं परत आल्यावर. ते दिवस आधी तुमच्या दोघांचे असू देत.

आता दुसरं. आई-बाबांचा माथेरानचा अल्बम तू शेवटचा कधी पाहिलास? काळ्या कागदाचा, कोपऱ्यांत फोटो खोचलेला, मध्ये पातळ जाळीदार कागद. अॅग्फा क्लिक थ्री होता बाबांकडे, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्या सगळ्या फोटोंत आईच आहे. पॅनोरमा पॉइंटवर आई, टॉय ट्रेनच्या खिडकीत आई, घोड्याच्या शेजारी घाबरलेली आई. बाबा कुठेच नाहीत. एका फोटोत आईच्या पायाशी लाल मातीवर एक लांब सावली पडलीय, कोपर बाहेर काढून डबा डोळ्याला लावलेल्या माणसाची. त्या काळी ऊन पाठीशी घेऊन फोटो काढ असंच शिकवायचे, म्हणून काढणाऱ्याची सावली फोटोत यायची. स्वतःच्या मधुचंद्राच्या अल्बममध्ये बाबा तेवढेच आहेत. आई अजून तो फोटो उघडला की त्या सावलीवर बोट ठेवते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की कॅमेरा एकाच्या गळ्यात राहू देऊ नकोस. दोन आहेत ते उत्तम. त्यांना सफाईदार येतं आणि तुला येत नाही, म्हणून तू मागे हटायचं नाही. तुझ्या फोटोत त्यांचं डोकं कापलं गेलं तरी चालेल, पण ते फोटोत हवेत. बाईला कसं पाहिलं जातं ते जगभरच्या अल्बमांत दिसतं. बायको नवऱ्याला कसं पाहते ते फार थोड्या अल्बमांत सापडतं. तुझ्यात ते असू दे. शिकागोला मिलेनियम पार्कमध्ये ‘क्लाउड गेट’ आहे, लोक त्याला बीन म्हणतात. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं ते काम, स्टीलचे 168 पत्रे जोडून असं घासलंय की सांधा दिसत नाही. पुढे उभं राहिलं की अख्खं शहर त्यात वाकून दिसतं आणि त्यात तुम्ही दोघं. कुणा अनोळखी माणसाला कॅमेरा द्यायला नको, हात लांब करायला नको. दोघांनी एकाच वेळी आपापला कॅमेरा डोळ्याला लावा आणि बटण दाबा. फक्त फोकस पत्र्यावर न धरता तुमच्या प्रतिबिंबावर धरायला सांग त्यांना.

आणि काय काढायचं म्हणशील, तर माणसं काढ. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा तुझ्यापेक्षा चांगला काढणारे हजारो होऊन गेले. एक फोटो डोळ्यांसमोर आण. आपल्या कल्याणला 31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचा. 1883 च्या जूनमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ही मुलगी नवऱ्याशिवाय बोटीने न्यूयॉर्कला उतरली. ब्रुकलिन ब्रिज तेव्हा नुकताच, 24 मे रोजी, खुला झाला होता. पुढे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात 10 ऑक्टोबर 1885 ला तिघी विद्यार्थिनींचा एक फोटो निघाला. साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. नीट बघ तो. फिलाडेल्फिया त्यात कुठेच नाही. ना इमारत, ना रस्ता. तीन चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या. तरी त्या शहराचा याहून मोलाचा फोटो मला दुसरा ठाऊक नाही. 11 मार्च 1886 ला त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, 26 फेब्रुवारीला, पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांच्या अस्थी त्यांचे पती गोपाळराव यांनी, अमेरिकेत त्यांना आसरा देणाऱ्या मिसेस कार्पेंटरांकडे पाठवल्या आणि त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या आहेत.

तिथे जाऊन या. मधुचंद्रात दफनभूमी कशाला, असं कुणी म्हणालं तर माझं नाव सांग. ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून थेट लोकल जाते, दोनेक तास लागतात. जाताना डाव्या खिडकीशी बसा, बहुतेक वाट हडसन नदी सोबत असते. कल्याणची मुलगी आहे ती, आपल्या शेजारची. एक फूल ठेव आणि एक फोटो काढ, आईसाठी. हा मात्र आईला द्यायचाच.

बरं, आता खालच्या आवाजात सांगायचं ते. दार लोटून घे. रोल लॅबमध्ये जातो, तिथे कुणीतरी तो धुतो, स्कॅन करतो, प्रत्येक फोटो डोळ्याखालून घालतो. तेव्हा खोलीतले जे क्षण तिसऱ्या माणसाने पाहू नयेत, ते रोलवर नकोत. मोबाइलवर तर त्याहून नकोत. लाडात येऊन कुणी म्हणालं तरी ‘नको’ म्हणायला लाजू नकोस. हे ‘नको’ पहिल्या महिन्यात म्हणता आलं की पुढे सोपं जातं. आणि तसंच त्यांचंही. ते झोपलेत, रडवेले झालेत, जेटलॅगने कावलेत, अशा वेळी कॅमेरा उचलण्याआधी विचार. रोज सोबत राहणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्या मालकीचा होत नाही. जावई समंजस आहेत, त्यांना हे तुझ्याकडून ऐकायला आवडेल.

भांडण होणार ते मोजणीवरून. एका रोलवर छत्तीसच फोटो, रोल महाग, धुणं महाग. ‘हा कशाला वाया घालवलास’ हे वाक्य एकदा तरी निघेल. त्यावर उपाय म्हणजे पैसे आधीच बाजूला काढा आणि रोल वाटून घ्या. तुझ्या रोलचा हिशेब तू कुणाला द्यायचा नाही, त्यांच्या रोलचा तू मागायचा नाही. माझं ऐक, या एवढ्याशा वाटणीत पुढच्या संसाराचं बरंच काही ठरून जातं.

आता कॅमेऱ्याचं. जुना कॅमेरा थेट अमेरिकेत उघडायचा नाही. या रविवारी एक रोल इथेच संपवा. सकाळी कशेळीच्या पुलाकडे जा, खाडीवर कोवळं ऊन असतं तेव्हा. मग गावठाणातली उरलीसुरली कौलारू घरं, संध्याकाळी तलावपाळीला दिवे लागल्यावर दोनचार. तो धुऊन आला की सगळं कळतं. मागच्या झाकणाच्या कडेला जो काळा स्पंज असतो तो वर्षांनी चिकट होऊन झडतो आणि तिथून उजेड आत शिरतो. फोटोवर नारिंगी पट्टा आला की समजायचं. ते दुरुस्त करून देणारे फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला अजून भेटतात. पेंटॅक्सच्या मीटरला बंद करायचं बटण नाही, लेन्सवर झाकण ठेवलं की सेल वाचतो, आणि सेल संपला तरी कॅमेरा चालतोच. तुझ्या यशिकाला फोकसची कटकट नाही, पण अगदी नाकाशी नेऊन काढलंस तर चेहरा धूसर येईल. दोन पावलं मागे हो.

रोल भरलास की पुढचा फोटो सरकवताना डाव्या हाताची गुंडाळायची चकती बघ. ती आपोआप फिरली पाहिजे. फिरत नसेल तर रोल आत अडकलेलाच नाही, आणि छत्तीस वेळा बटण दाबूनही हाती काही लागणार नाही. एवढं एक बघितलंस की निम्मी काळजी मिटली.

उजेडाचं म्हणशील तर शहरासाठी 400 चा रोल बरा. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमध्ये भर दुपारीही रस्ता सावलीत असतो. सॅन फ्रान्सिस्कोला धुकं असलं की मीटर फसतो, पांढऱ्याला करडं करून टाकतो. तिथे मीटर सांगेल त्याहून एक घर जास्त उजेड द्यायला सांग. निगेटिव्ह रोलला थोडा जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही.

विमानतळाची मात्र धास्ती खरी आहे. चेक-इनच्या बॅगेत रोल कधीही टाकू नका, तिथला एक्स-रे फार जोरकस असतो. हातातल्या बॅगा तपासायला हल्ली सीटी स्कॅनर आलेत, तेही रोल खराब करतात. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि रांगेत हाताने तपासा म्हणून नम्रपणे सांगा. अमेरिकेत ही विनंती करायची रीतसर मुभा आहे. इथे समोरच्या अधिकाऱ्यावर असतं. नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका. म्हणूनच इथून रोल न्यायचेच नाहीत, तिथे घ्यायचे. कोडॅकची फिल्म अजूनही न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरलाच तयार होते. मॅनहॅटनमध्ये नाइन्थ अॅव्हेन्यूवर बी अँड एच नावाचं भलंमोठं दुकान आहे, पण ते शनिवारी बंद असतं, शुक्रवारीही लवकर आटपतं. तुम्ही शुक्रवारी रात्री उतरताय, तेव्हा रविवार धरा. फिलाडेल्फियाला रेल्वेने जा, दीड तासाचा प्रवास आणि स्कॅनरचा जाच नाही.

परत निघायच्या आधी सॅन फ्रान्सिस्कोला रोल धुऊन मिळाले तर उत्तमच. धुतलेल्या निगेटिव्हला कुठल्याही स्कॅनरची भीती नसते. नाही जमलं तर इथे आल्या आल्या पहिल्या आठवड्यात टाका. ‘बघू सावकाश’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस. शिकागोला व्हिव्हियन मायर म्हणून एक बाई होत्या, लोकांची मुलं सांभाळायच्या आणि फावल्या वेळात रस्त्यावरचे फोटो काढायच्या. भाडं थकलं म्हणून 2007 साली त्यांच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा खोक्यांमधून लाखाच्या घरात निगेटिव्ह निघाल्या आणि शेकडो रोल न धुतलेलेच. जगाला त्यांचं नाव कळेपर्यंत, 2009 मध्ये, त्या गेल्या होत्या. त्या न धुतलेल्या रोलांवरचे फोटो त्यांना स्वतःला कधी दिसलेच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. लॅबमधून पाकीट आलं की तुम्ही दोघांनीच आधी बघा, एका बैठकीत. मग आईकडे या.

निगेटिव्ह सांभाळण्याचं तेवढं आत्ताच ठरवून टाक. खाडीकाठची हवा आपली. पावसाळ्यात लेन्सला आणि निगेटिव्हला बुरशी धरते. ओलसर भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नकोस. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, दसऱ्याला एकदा उघडून बघ, पुड्या बदल. आणि प्रिंटच्या मागे तारीख नि गाव पेन्सिलीने लिही, बॉलपेनने लिहिलंस तर पुढे वळ उमटतात. कोण कुणाचा फोटो काढतंय तेही लिहून ठेव.