डीलरची सवलत आणि गाडीचा हप्ता

प्रश्न : माझ्याकडे तीन ट्रक आहेत. बाजार थंड असताना डीलर मोठी सवलत देतो आहे. कंपन्या असे का करतात? आत्ता चौथी गाडी घ्यावी का?

उत्तर : डीलरकडे रवाना झालेली गाडी कंपनीच्या हिशेबी विकली गेलेली असते. ग्राहकाच्या नावावर झालेल्या नोंदणीचा आकडा वेगळा. मागणी घटली की हा फरक डीलरच्या यार्डात उभा राहतो आणि व्याज त्याच्या अंगावर पडते. सवलत येते ती तिथून.

2019 ची मंदी आठवा. जुलै 2018 मध्ये केंद्राने वजनमर्यादा वाढवली. तीन ॲक्सलचा ट्रक 25 टनांवरून 28.5 टनांवर गेला. आहे त्याच गाड्यांत जास्त माल जाऊ लागला, मग नवी कोण घेणार? त्यात आयएल अँड एफएस ही बडी वित्तकंपनी कोसळल्यावर वित्तसंस्थांनी हात आखडता घेतला, आणि 1 एप्रिल 2020 च्या आत जुन्या प्रदूषण-निकषाच्या (बीएस-4) गाड्या खपवणे भाग होते. टाटा मोटर्सने तेव्हा उत्पादन कमी करून डीलरांकडचा साठा उतरवण्यावर भर दिला. अशोक लेलँडनेही कारखाने काही दिवस बंद ठेवले. सवलतींच्या चढाओढीपेक्षा मला हाच मार्ग योग्य वाटतो. नवी गाडी फार स्वस्त झाली की तुमच्या दारातल्या तीन जुन्या गाड्यांचीही किंमत पडते.

म्हणून आधी भाडे पाहा. परतीचा माल नसेल तर सवलतीतली गाडीही हप्त्याला भारी पडेल. काम पक्के असेल तर घ्या; मात्र उत्पादनाचा महिना तपासा आणि वाढीव वॉरंटी लेखी मागा.