लाल दिवा कधी लागला, ते आधी विचारा

चाकणहून भोसरीकडे येताना चिंबळी मागे पडली की इंद्रायणीचा पूल लागतो आणि तिथून मोशीकडे रस्ता चढत जातो. आमच्या जुन्या पिकअपचा ऑइलचा लाल दिवा पहिल्यांदा लागला तो या चढावर. गाडी भरलेली, इंजिन जोर लावून खेचत होतं. ड्रायव्हरने तिथंच कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि फोन लावला, "दादा, ऑइलची लाइट लागलीय. मी आता चालवत नाही." ते इंजिन आज चालतंय ते त्याच्या या शहाणपणामुळे. गॅरेज जवळच आहे म्हणून तो रेटत आला असता, तर क्रँक जाम होऊनच गाडी पोचली असती.

टोचन करून गाडी चऱ्होलीला आणली आणि सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, ऑइल प्रेशरचा स्विच गेलाय, बदलून टाका. दुसरा म्हणाला, जाड ऑइल भरा, २०डब्ल्यू-५०, दिवा लागणारच नाही. इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रींनी तर सरळ सांगितलं, "बेरिंग गेल्यात, क्रँक पॉलिशला काढू." यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडलेला असतो, म्हणून ऐकताना पटतो. पण दिवा गाडी उभी असताना लागला की पळताना, इंजिन थंड असताना की तापल्यावर, हे कुणीच विचारलं नाही. माझ्या मते निम्मं निदान तिथंच होतं.

बेरिंग झिजल्या की फट वाढते आणि ऑइल तिथून निसटतं. अशा गाडीचा दिवा तापलेल्या इंजिनावर, आयडलला लुकलुकतो. चाकणच्या तळेगाव चौकात अडकलात की दिसेल, आणि जरा रेस दिली की विझेल. आमचं उलट होतं. आयडलला सगळं ठीक, रेस वाढली की दिवा. म्हणजे ऑइल पंप मागतोय तेवढं ऑइल त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तरीही सुरुवात ऑइलच्या पट्टीपासूनच करायची. गाडी सपाटीला उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग पट्टी पुसून पुन्हा बुडवा. ऑइल कमी असेल तर चढावर ते मागे सरकतं आणि ऑइल ओढणाऱ्या पंपाची जाळी उघडी पडते. खुणेच्या वर चढलेलं असेल तर आनंद मानू नका. गळक्या नोजलमधून किंवा डिझेल पंपाच्या सीलमधून त्यात डिझेल उतरत असेल. बोटावर घेऊन वास घ्या, चोळून पाहा. दुधाळ चहासारखा रंग दिसला तर पाणी शिरलंय, मग इंजिन सुरूच करायचं नाही.

पुढे स्विच. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब किंवा वायर बघा. मग स्विचची वायर काढा. जुन्या गाड्यांमध्ये वायर काढली की दिवा विझतो. तरीही जळत राहिला तर वायर कुठंतरी बॉडीला घासून अर्थ झालीय. आमची वायर शाबूत होती.

आता खरी पायरी, आणि हीच गॅरेजमध्ये टाळली जाते: स्विच काढून त्याच जागी, आटे जुळवून, काट्याचं गेज लावणं. नळी तापलेल्या मॅनिफोल्डला टेकू देऊ नका. गेज काय दाखवतं, ते एका जुन्या प्रयोगातून कळतं. १८८३ मध्ये इंग्लंडात ब्यूचँप टॉवर रेल्वेच्या बेरिंगवर प्रयोग करत होते. बेरिंगला पाडलेल्या भोकातून ऑइल वर येऊ लागलं, भोकात ठोकलेलं बूचही ते बाहेर ढकलू लागलं. तेव्हा त्यांनी तिथं गेज लावलं आणि काटा गेजच्या टोकापलीकडे गेला. फिरता दांडा ऑइलच्या दाबाच्या थरावर तरंगतो, हे त्यातून कळलं. आपल्या इंजिनात ती फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते आणि ती भरलेली ठेवणं हे पंपाचं काम.

तापलेल्या इंजिनाला दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाऊण केजीच्या आसपास, हा जुना ठोकताळा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. दिवा मात्र दाब अर्ध्या केजीच्या खाली घसरल्यावरच लागतो. म्हणून तो लागेल तेव्हा सावरायला वेळ जवळजवळ उरलेलाच नसतो.

आमचा काटा आयडलला मॅन्युअलप्रमाणे होता. रेस वाढवली तसा वर गेला, मग थरथरला आणि खाली बसला. मिस्त्रींनी स्वतः दोनदा रेस देऊन पाहिलं आणि बेरिंगचं बोलणं थांबवलं. मग इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवला. जाळीवर सिलिकॉन पेस्टचे करडे रबरी तुकडे शिजलेल्या शेवयांसारखे गुंतले होते. आधी एका गॅरेजात गळती थांबवायला चेंबर काढला होता आणि बसवताना पेस्ट भरमसाट लावली होती. आत ओघळलेली पेस्ट सुटून जाळीकडे ओढली गेली होती. बंद गाडीत तुकडे खाली पडत, म्हणून सुरू केल्यावर काही वेळ सगळं ठीक वाटे. या जाळीवर जाड ऑइल ओतलं असतं तर थंडीतल्या सकाळी पंपाला ते ओढताच आलं नसतं.

चेंबर उघडलाच आहे तर एक बेरिंग कॅप उतरवून पाहावी. वरचा करडा थर जाऊन तांबूस रंग दिसत असेल तर बदलायची वेळ आली. जुना फिल्टर कापून कागद उलगडा. चमकणारे कण असतील तर लोहचुंबक फिरवा. न चिकटणारे कण बहुधा बेरिंगचे. आमच्याकडे दोन्ही ठिकाणी स्वच्छ निघालं.

आपल्या चाकण-भोसरी पट्ट्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कुरुळी ते चाकण रांगेत घालवलेला वेळ किलोमीटरच्या काट्यावर दिसत नाही, पण ऑइल त्या वेळेतही तापतं आणि मळतं. अशी गाडी चालवत असाल तर कंपनीने दिलेल्या किलोमीटरच्या बरंच आधी ऑइल-फिल्टर बदला.

चेंबर परत बसवताना समोर उभे राहा. दोन्ही कडा खरवडून कोरड्या करायला लावा, पेस्टची बारीक रेघ पुरे. ती सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या, मगच ऑइल भरा. नवीन फिल्टरही शक्य असेल तर आधी ऑइलने भरून घ्या. डिझेल पंपाचं डिझेल बंद ठेवून, म्हणजे स्टॉपची वायर ओढून किंवा सोलेनॉइडची वायर काढून, आठ-दहा सेकंदांचा स्टार्टर मारा, मध्ये थांबा, पुन्हा मारा. गेजचा काटा उठला की डिझेल जोडा आणि इंजिन सुरू करा.