गावाचा प्रश्न आणि मोबाइलचा पार



'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपल्याला पाठ आहे. पण गावाने करायचे म्हणजे आधी काय करायचे? चार माणसांनी एके ठिकाणी बसायचे, प्रश्न मांडायचा आणि कुणाला काय ठाऊक आहे ते विचारायचे. हे काम पारावर, चावडीत, ग्रामसभेत होते. पण आपल्या पारावर आपल्याच गावची माणसं बसतात. लांबच्या तालुक्यात कुणी हाच प्रश्न सोडवला असेल, तर ते आपल्याला कसं कळणार? इथे इंटरनेट कामी येते. पुष्कळ गावांचा मिळून एक मोठा पार, असे त्याला समजा.

पाण्याचे उदाहरण पाहू. २०१६ साली मराठवाड्यात मोठा दुष्काळ होता. एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात पानी फाउंडेशन या संस्थेने 'वॉटर कप' ही गावागावांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे ३ तालुके होते. सातारा जिल्ह्यातील वेळू गाव पहिले आले. २०१८ साली तालुके ७५ झाले. आपल्या जिल्ह्यातील फुलंब्री व खुलताबाद हे तालुकेही स्पर्धेत उतरले होते.

ही कामे जमली कशी? गावातील निवडक स्त्री-पुरुषांना आधी प्रशिक्षण मिळाले. चर कसा आखावा, बांध कसा घालावा, याचे मराठी चित्रफितींचे धडे मोबाइलवर होते. विसरलं की पुन्हा बघायचं! शहरातील लोकांनी इंटरनेटवर 'जलमित्र' म्हणून नावे नोंदवली आणि महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी, ते गावांत येऊन श्रमदान करून गेले.

आता थोडे गणित. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेवढ्या जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होते. डोंगरउतारावर ६० सें.मी. रुंद, ३० सें.मी. खोल आणि १०० मीटर लांब सलग समतल चर खणला, तर तो एकदा भरला की १८,००० लिटर पाणी थांबते आणि जमिनीत मुरते. पावसाळ्यात चर अनेकदा भरतो. थेंबे थेंबे तळे साचे ते असे.

पण खरी परीक्षा विहिरीला पाणी आल्यावर असते. चर सगळ्यांनी मिळून खणले. मग एकाने खोल बोअर पाडून उसाला पाणी सोडले, तर शेजाऱ्याची विहीर आटते. भांडण इथंच लागतं. म्हणून पाण्याचा ताळेबंद हवा. पाऊस किती पडला, मुरला किती, प्यायला किती, पिकाला किती, हे सर्वांना दिसेल असे लिहायचे. मोबाइलवरचा तक्ता हे काम चांगले करतो. आकडा सगळ्यांसमोर असला की "मला काय ठाऊक?" असे कुणाला म्हणता येत नाही.

पुढे २०२२ पासून याच संस्थेने शेतकरी गटांसाठी 'फार्मर कप' सुरू केला. त्याला जोडून डिजिटल शेतीशाळा भरते. शेतकरी घरी बसून पिकावरील रोगाबद्दल विचारतात, कृषितज्ज्ञ उत्तर देतात. एकाने विचारलेला प्रश्न शेकडो जणांच्या कामाला येतो.

तरीही तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१) मोबाइल चर खणत नाही. कुदळ हातानेच मारावी लागते.

२) खोटा आकडा सगळ्या गावाला फसवतो. आधी मोजा, मग लिहा. आलेला निरोप पडताळल्याशिवाय पुढे पाठवू नका.

३) सगळ्यांच्या घरी मोबाइल नसतो. ज्याच्याकडे नाही, त्याचीच विहीर आधी आटलेली असू शकते. म्हणून मोबाइलवरची माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि फळ्यावर लिहावी.

स्वाध्याय

१. शाळेचे छप्पर २० मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे. १० मि.मी. पावसात त्यावर किती लिटर पाणी पडेल? (उत्तर : १,२०० लिटर)

२. आपल्या घराच्या छपराचे असेच गणित करा.

३. आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा : आपल्या विहिरीला पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असे? आता कधीपर्यंत असते? उत्तर वहीत लिहून आणा. वर्गातील सर्वांची उत्तरे एका तक्त्यात भरू आणि तो तक्ता याच भिंतीवर लावू. पालकांनो, तुम्हीही आपल्या विहिरीची नोंद सांगून जा.