पौलाचे भांडण नेमके कशावरून?

प्रश्न : माणूस कृत्यांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो, या मुद्द्यावर चर्च दुभंगले. 1999 मध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन यांच्यात त्यावर समझोताही झाला. मग आता प्रोटेस्टंट अभ्यासकांतच वाद कसला?

उत्तर : 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, हे खरे. पुढे मेथॉडिस्ट (2006) आणि रिफॉर्म्ड (2017) चर्चेही त्यात सामील झाली. पण मिटवायचे होते ते सोळाव्या शतकातले भांडण. नवा वाद थेट पौलापाशी जातो : 'नियमशास्त्रातील कृत्ये' म्हणताना त्याच्या मनात काय होते?

ल्यूथरच्या मते, पुण्य गाठीशी बांधून देवाची मर्जी मिळवण्याची धडपड. 1977 मध्ये अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी त्या काळचे यहुदी ग्रंथ तपासून वेगळेच मांडले. देवाने आपल्याशी करार केला तो कृपेने, अशीच यहुद्यांची श्रद्धा होती. नियम पाळायचे ते त्या करारात टिकून राहण्यासाठी. मग पौलाचा रोख कशावर? जेम्स डन आणि एन. टी. राइट यांनी गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवले. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसे येताच तो अंग काढून घेऊ लागला. पौलाने त्याला सर्वांदेखत फैलावर घेतले आणि त्याच ओघात नीतिमान ठरण्याचा मुद्दा काढला. म्हणून डन म्हणतात, कृत्ये म्हणजे मुख्यतः सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध. थोडक्यात, पंक्तिभेद.

या मांडणीला विरोध करत पाद्री जॉन पायपर यांनी 2007 मध्ये राइट यांच्याविरुद्ध पुस्तकच लिहिले. ख्रिस्ताची नीतिमत्ता पाप्याच्या खाती जमा होते, हा पायपर यांच्या लेखी शिकवणीचा गाभा. राइट नेमका तोच नाकारतात. शिवाय अंतिम न्यायात ते माणसाच्या साऱ्या जगण्याचा विचार धरतात. म्हणजे कृत्ये मागल्या दाराने आत आलीच, हा आक्षेप. ते जगणे पवित्र आत्म्याने घडवलेले असते, हे राइट यांचे उत्तर.

रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचून पाहा. पौल तिथे दावीदाचा दाखला देतो. दावीद सुंता झालेला यहुदीच; त्याला हवी होती पापांची क्षमा. इथे पायपर यांचे पारडे जड. पण पौल लगेच विचारतो, क्षमेचे हे धन्यपण सुंता झालेल्यांपुरतेच का? तिथे राइट सरसावतात. दोघांचाही पुरावा एकाच अध्यायात असल्यावर वाद मिटणार कसा?