देवगिरीचा किल्ला

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळची लेणी पाहण्यास निघाले, म्हणजे सुमारे १५ किलोमीटरांवर एक एकाकी डोंगर दृष्टीस पडतो. भोवतालच्या सपाट प्रदेशातून तो शंकूसारखा वर उठला असून त्याची उंची सुमारे २०० मीटर आहे. हाच इतिहासप्रसिद्ध देवगिरीचा किल्ला होय.

इ. स. ११८७ च्या सुमारास यादव वंशातील पाचवा भिल्लम याने येथे आपली राजधानी वसवली. रामदेवराव यादवाच्या कारकिर्दीत तिची कीर्ती दूरवर पसरली. प्रख्यात पंडित हेमाद्री हा त्याचा मंत्री होता. इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस या राजाचा गौरवाने उल्लेख आला आहे.

किल्ल्याची रचना पाहून आजही मन थक्क होते. डोंगराच्या खालच्या कडा तासून भिंतीसारख्या उभ्या केल्या आहेत. त्यांच्याभोवती कातळात खोदलेला खोल खंदक आहे. खंदक ओलांडून पुढे गेले, की कातळ पोखरून काढलेला काळोखी मार्ग लागतो. त्याला ‘अंधारी’ असे म्हणतात. शत्रू आत शिरलाच, तर त्याला धुराने कोंडण्याची सोय येथे केलेली होती. ही सर्व बांधणी एकाच काळातील नव्हे. यादवांनंतरच्या राज्यकर्त्यांनीही तीत पुष्कळ भर घातली.

असा बळकट किल्ला शत्रूच्या हाती गेला तरी कसा?

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी काही हजार स्वारांनिशी अचानक देवगिरीवर चालून आला. त्या वेळी यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेले होते. रामदेवरावाने हाताशी असलेल्या थोड्या सैन्यानिशी सामना दिला. परंतु त्याला माघार घेऊन किल्ल्याचा आश्रय करावा लागला. दिल्लीची मोठी फौज मागून येत आहे, अशी हूल अल्लाउद्दीनने उठवली होती. शंकरदेव परत येऊन शौर्याने लढला. पण शत्रूची राखीव तुकडी धूळ उडवीत येताच हीच ती फौज, असे वाटून त्याच्या सैन्याचा धीर सुटला.

किल्ल्यावर अजून आशा होती. वेढा पडण्यापूर्वी धान्याची म्हणून पुष्कळ पोती घाईघाईने वर नेण्यात आली होती. ती उघडून पाहतात, तो आत मीठ! ही हकिकत फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. उपासमारीपुढे राजाचा नाइलाज झाला व त्याने अपार संपत्ती देऊन तह केला.

पुढे यादवांचे राज्य लयास गेले. इ. स. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून येथे आणली व नगराचे नाव ‘दौलताबाद’ ठेवले. परंतु काही वर्षांतच ती पुन्हा दिल्लीस गेली. त्यानंतर किल्ला बहामनी सुलतानांकडे व मग अहमदनगरच्या निजामशाहीकडे आला. इ. स. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाने त्याला वेढा घातला. सुरुंग लावून बाहेरचे तट पाडण्यात आले. आत अन्नाचा तुटवडा पडला. अखेर मलिक अंबरचा पुत्र फतेखान याने किल्ला स्वाधीन केला.

दोन्ही प्रसंगी मधला कातळ अभंगच होता. आज तेथील वाडे पडले आहेत, तटांच्या भेगांतून गवत उगवले आहे. ते अवशेष पाहताना कातळ तासणाऱ्या अनाम कारागिरांचे स्मरण ठेवावे आणि त्या मिठाच्या पोत्यांचेही. सावध पहारा व भरलेले कोठार यांवाचून अभेद्य कडाही राज्याचे रक्षण करू शकत नाही.

स्वाध्याय
१. ‘अंधारी’ म्हणजे काय? तिचा उपयोग कोणता?
२. शंकरदेवाच्या सैन्याचा धीर का सुटला?
३. इ. स. १२९६ व १६३३ या दोन वेढ्यांत कोणते साम्य आढळते?