पहिल्या दिवसाचें भाकीत

ग्रहण कोणत्या दिवशीं व किती वाजतां लागेल हें पंचांगकर्ता वर्षभर आधीं लिहून ठेवतो आणि तें चुकत नाहीं. कारण सूर्य, चंद्र व पृथ्वी आपली गति कोणापासून लपवून ठेवीत नाहींत. मनुष्यांच्या शर्यतीचें भाकीत मात्र इतकें सोपें नाहीं. कां नाहीं, हें आज आपण एका सुप्रसिद्ध सायकल-शर्यतीच्या पहिल्या दिवसावरून पाहूं. ह्या पाठांत थोडें गणित आहे, थोडें पदार्थविज्ञान आहे आणि मनास खेद वाटावा अशी एक हकीकतहि आहे.

फ्रान्स देशांत सन १९०३ पासून, महायुद्धांचीं वर्षें वगळतां, दरवर्षीं ‘तूर द फ्रान्स’, म्हणजे ‘फ्रान्सची फेरी’, ह्या नांवाची शर्यत भरते. सायकल चालविणें हाच ज्यांचा पोटाचा धंदा, असे लोक तींत भाग घेतात. तीन आठवडे डोंगरदऱ्यांतून तीन हजार किलोमीटरांहून अधिक मजल मारावयाची आणि ज्याचा एकंदर वेळ सर्वांत कमी त्यानें पिवळा सदरा अंगावर घालावयाचा, असा तिचा नियम. १९६७ सालीं आंजे ह्या शहरीं एक नवी प्रथा सुरू झाली. मुख्य शर्यतीच्या आधीं, नाटकापूर्वीं नांदी म्हणावी त्याप्रमाणें, प्रत्येक गड्यानें एकट्यानें थोडेंसें अंतर घड्याळाविरुद्ध कापावयाचें. ह्या नांदीचें अंतर आठ किलोमीटरांच्या आंत असतें. एकामागून एक गडी सोडले जातात. पुढें आडोशाला कोणी नसतो, मागें ढकलावयास कोणी नसतो. ह्यास्तव कोण जिंकेल हें वर्तविण्यास ही नांदी सर्वांत सोयीची, असें कोणासहि वाटेल.

तें वाटणें अगदींच चूक नाहीं. सपाट रस्त्यावर वेगानें जाणाऱ्या गड्याचा खरा शत्रु म्हणजे हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो आणि तो मोडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. दर ताशीं ४० किलोमीटर जाणाऱ्यास ५१ किलोमीटरांचा वेग गांठावयाचा असेल, तर पाय सव्वापट जोरानें मारून भागत नाहीं. दुपटीहून अधिक शक्ति लागते. म्हणून हे गडी कंबरेंत वांकून, हात पुढें जोडून, जणूं काय सायकलीवर आडवे होऊनच जातात. रस्त्याला वळणें किती, वारा कोठून आहे आणि गेल्या वर्षीं अशाच रस्त्यावर कोणास किती वेळ लागला, एवढें ठाऊक असेल तर गणित मांडतां येतें.

आतां सन २००६ ची गोष्ट. त्या वर्षींची नांदी १ जुलै रोजीं स्ट्रासबूर्ग शहरांत व्हावयाची होती. अंतर ७.१ किलोमीटर, रस्ता सपाट. पण मे महिन्यांत स्पेन देशाच्या पोलिसांनीं माद्रिद येथें एका वैद्यास पकडलें होतें, आणि त्याच्या ताब्यांतून शीतपेटींत ठेवलेल्या रक्ताच्या पिशव्या व सांकेतिक नांवांच्या याद्या हस्तगत केल्या होत्या. हें रक्त कशासाठीं, तें नीट समजून घेतलें पाहिजे. रक्तांतील तांबड्या पेशी प्राणवायु स्नायूंपर्यंत वाहून नेतात. आपलेंच रक्त कांहीं आठवडे आधीं काढून ठेवावें, शरीरानें तूट भरून काढूं द्यावी आणि शर्यतीच्या तोंडावर तें परत शिरेंत सोडावें, म्हणजे ह्या वाहकांची संख्या वाढते. इरिथ्रोपोएटिन नांवाच्या औषधानेंहि हेंच साधतें. १९९७ सालीं तांबड्या पेशींचें प्रमाण शेंकडा ५० च्या वर आढळल्यास गड्यास शर्यतींत उतरूं द्यावयाचें नाहीं असा नियम झाला, व २००० सालापासून त्या औषधाचा शोध लावणारी परीक्षाहि आली. परंतु स्वतःचेंच रक्त परत घेतलेल्या मनुष्यास परीक्षेनें ओळखणार कसें?

ह्या सर्व प्रकाराचा स्फोट नांदीच्या अगदीं आदल्या दिवशीं झाला. २००५ च्या शर्यतींतील पहिले पांच गडी डोळ्यांपुढें आणा. पहिला आर्मस्ट्राँग निवृत्त झालेला. दुसरा इटलीचा बास्सो, तिसरा जर्मनीचा उलरिख, चौथा स्पेनचा मान्सेबो. तिघांचीहि नांवें चौकशीच्या कागदांत आल्यामुळें त्यांस परत पाठविण्यांत आलें. पांचवा कझाकस्तानचा विनोकुरोव्ह. त्याचें स्वतःचें नांव कागदांत नव्हतें, पण त्याच्या संघांतील नवांपैकीं पांचांचीं होतीं, आणि सहांहून कमी गड्यांच्या संघास प्रवेश नसल्यामुळें तोहि घरीं गेला. पुढें त्या पांच जणांवर कोणताच आरोप नाहीं असें स्पेनच्या न्यायालयांतून त्यांस लिहून मिळालें. परंतु तोंवर शर्यत संपली होती. संशय आणि दोष ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें येथें विसरूं नये. बास्सो व उलरिख ह्यांस पुढें शिक्षा झाली हेंहि तितकेंच खरें. १८९ ऐवजीं १७६ गडी उरले.

त्या सायंकाळीं भाकीत करणाऱ्यानें काय करावें? आदल्या वर्षींच्या पहिल्या दिवशीं १९ किलोमीटरांच्या एकट्याच्या शर्यतींत आर्मस्ट्राँगला दोन सेकंदांनीं मागें टाकणारा अमेरिकेचा झाब्रिस्की अजून मैदानांत होता. मीं त्याचेंच नांव लिहिलें असतें. दुसरें नांव त्याचाच देशबंधु हिंकापी ह्याचें, तिसरें लँडिस ह्याचें. नॉर्वेचा हुशोव्ह कोणास चटकन् सुचला नसता, कारण तो शेवटच्या दोनशें मीटरांत मुसंडी मारणारा गडी म्हणून प्रसिद्ध. ज्यानें जुन्या नोंदी चाळल्या असत्या त्यास मात्र दिसलें असतें कीं, १९९८ सालीं तेवीस वर्षांखालील गड्यांच्या जागतिक स्पर्धेंत घड्याळाविरुद्धची शर्यत ह्याच हुशोव्हनें जिंकली होती. जुन्या वह्या फेंकून देऊं नयेत, त्या अशा कामीं येतात!

आणि जिंकला हुशोव्हच. वेळ ८ मिनिटें १७ सेकंद. हिंकापी केवळ ०.७३ सेकंदानें मागें पडला. झाब्रिस्की चार सेकंदांनीं तिसरा. लँडिसच्या मागच्या चाकाची धांव निघण्याच्या वेळींच कापलेली आढळली; चाक बदलण्यांत त्यास उशीर झाला, आणि घड्याळ कोणासाठीं थांबत नसल्यामुळें तो नऊ सेकंदांनीं नववा आला. असला अपघात कोणत्या गणितांत धरणार?

आतां पाटी घ्या. ७१०० मीटरांस ४९७ सेकंद, म्हणजे दर सेकंदास सुमारें १४.३ मीटर, ताशीं ५१ किलोमीटरांहून थोडें अधिक. ०.७३ सेकंद म्हणजे अवघें साडेदहा मीटर अंतर. आतां असें समजा कीं, एखाद्यानें रक्ताच्या पिशवीच्या बळावर आपली शक्ति शेंकडा ५ नें वाढविली. वेग शक्तीच्या घनमूळाप्रमाणें वाढतो, म्हणून तो शेंकडा सुमारें १.६ नें वाढेल, आणि ४९७ सेकंदांतून जवळजवळ ८ सेकंद वांचतील. पहिल्या व नवव्या गड्यांत अंतर होतें नऊ सेकंदांचें. म्हणजे शेंकडा ५ एवढ्या चोरलेल्या शक्तीनें मागच्या रांगेंतील मनुष्य थेट पुढच्या रांगेंत येऊन बसतो, आणि त्याची गेल्या वर्षींची नोंद पाहून आम्ही यंदाचें भाकीत करतों!

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. तीन आठवड्यांची ती शर्यत लँडिसनें जिंकली. परंतु सतराव्या दिवसाच्या तपासणींत दोषी ठरल्यामुळें त्याचा मान काढून घेऊन तो स्पेनच्या पेरेइरो ह्यास देण्यांत आला. २०१० सालीं लँडिसनें अपराध कबूल केला. २०१२ सालीं अमेरिकेंतील चौकशींत हिंकापी व झाब्रिस्की ह्या दोघांनींहि आपण निषिद्ध उपाय केल्याचें कबूल केलें व त्यांचे त्या काळांतील निकाल रद्द झाले; आर्मस्ट्राँगचीं सातहि जेतेपदें त्याच वर्षीं गेलीं. माझ्या कागदावरील तिन्ही नांवें अशा रीतीनें खोडलीं गेलीं. पण त्या दिवशीं स्ट्रासबूर्गच्या रस्त्यावर खालच्या क्रमांकावर कोणी प्रामाणिक गडी असेल, तर बक्षिसाच्या चौरंगावर उभें राहण्याची, लोकांच्या टाळ्या ऐकण्याची त्याची ती घटका सहा वर्षांनीं आलेल्या कागदानें त्यास परत मिळाली नाहीं.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण देतों. १९९४ सालीं लील शहरांतील ७.२ किलोमीटरांची नांदी इंग्लंडच्या बोर्डमननें ताशीं ५५.१५२ किलोमीटर वेगानें जिंकली. त्यास किती वेळ लागला तें काढा. आणि हवा तीच धरून, ताशीं ५१.४ किलोमीटरांच्या वेगास लागणाऱ्या शक्तीहून त्यास शेंकडा किती अधिक शक्ति लागली असेल, हेंहि काढून आपल्या शिक्षकांस दाखवा.