रातपाळी आणि रक्तातील साखर

भिवंडी असो वा मालेगाव, यंत्रमागाचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. अनेक कारखान्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. आम्ही व्यापारी तागे मोजतो, मीटर मोजतो. पण रातपाळीचा भार कारागिराच्या तब्येतीवर किती पडतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणून हे चार शब्द.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर शरीराच्या कामी लावणे हे इन्सुलिनचे काम. परंतु शरीराला स्वतःचे घड्याळ आहे. झोपेच्या वेळी मेलाटोनिन वाढते आणि इन्सुलिन कमी स्रवते. त्यामुळे सकाळी घेतलेला चहा-पाव जितकी साखर वाढवितो, त्याहून जास्त तोच चहा-पाव रात्री दोन वाजता वाढवितो. दिवसा झोप अपुरी झाली तर इन्सुलिनचा परिणामही मंदावतो.

अमेरिकेतील सुमारे पावणेदोन लाख परिचारिकांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. फिरती रातपाळी १० ते १९ वर्षे केलेल्यांत मधुमेहाचा धोका सुमारे ४० टक्के, तर २० वर्षे व त्याहून अधिक केलेल्यांत ५८ टक्के जास्त आढळला. यातील बराचसा भाग वाढलेल्या वजनामुळे होता, सर्व नव्हे. बोस्टन येथे १९ निरोगी व्यक्तींवर केलेला रातपाळीचा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्के वाढली; फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही.

कारागीर बंधूंनी एवढे करावे :

१) पाळीवर येण्यापूर्वीच जेवावे. मध्यरात्रीनंतर भूक लागलीच तर मूठभर चणे किंवा उकडलेले अंडे घ्यावे. गोड चहाचे कप कमी करावेत.

२) सकाळी घरी अंधार करून सलग झोपावे.

३) मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मनाने जेवण टाळू नये. डॉक्टरांना रातपाळी सांगून वेळा ठरवाव्यात. साखर एकदम उतरली तर घाम येतो, हात थरथरतात, चक्कर येते; चालत्या मागाजवळ हे जिवावर बेतू शकते. खिशात साखरेची पुडी ठेवावी.

४) रात्री गोड चहा पिऊन सकाळी 'उपाशीपोटी' तपासणी करू नये, त्यासाठी आठ तास पोट रिकामे हवे. एचबीए१सी तपासणी मात्र केव्हाही चालते. ती ६.५ टक्के किंवा अधिक आली तर डॉक्टरांना गाठावे.

आता मालकांविषयी. मजुरी मीटरवर असेल तर जेवायला बसणाऱ्याची मजुरी बुडते. मग कारागीर उभ्या उभ्या चहा-बिस्किटावर रात्र काढतो. नुसता उपदेश करून काय उपयोग? बदली माणूस ठेवून ठरावीक वेळी अर्ध्या तासाची भरपगारी सुट्टी द्यावी आणि वर्षातून एकदा सर्वांची तपासणी आपल्या खर्चाने करावी.

मधुमेह वाढला की डोळ्यांवर परिणाम होतो. कारागिराची नजर अधू झाली तर तुटलेला धागा कोण सांधणार? माल आपला असला तरी विणणाऱ्याची तब्येत आपल्याकडे अमानत आहे.